अपूर्ण राहिलेले नमन
(लिओनार्दो दा विंचीच्या एका वेदीचित्राचा अभ्यास)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जेवणाच्या खोलीत प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र लावलेले असते. मध्यभागी प्रभू, दोन्ही बाजूंना तीन-तीनच्या गटांत बारा प्रेषित. हे चित्र मूळ कोणी काढले असे विचारले तर शाळेतली मुलेसुद्धा लिओनार्दो दा विंचीचे नाव सांगतील. परंतु हे चित्र हाती घेण्याच्या सुमारे चौदा वर्षे आधी याच लिओनार्दोने एका मठाच्या मुख्य वेदीसाठी दुसरे मोठे चित्र सुरू केले होते आणि ते अर्धवट टाकून तो गाव सोडून गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या चित्राचा विषय होता मागी राजांनी बाळ येशूला केलेले नमन.

मठवासीयांना ते चित्र कधीच मिळाले नाही. असे असूनही आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात लोक त्या अपुऱ्या फळीपुढे बराच वेळ उभे राहतात. एका न पाळलेल्या शब्दाची निशाणी लोकांनी इतक्या आदराने का पाहावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला चित्रकाराच्या कामाच्या सवयी तर कळतीलच, पण आपल्या स्वतःच्या अपुऱ्या कामांकडेही थोडे निराळ्या नजरेने पाहता येईल.

मठवासीयांचा करार

फ्लॉरेन्स शहराच्या तटाबाहेर सान दोनातो आ स्कोपेतो नावाचा संत ऑगस्टीनच्या नियमाने चालणारा मठ होता. मार्च १४८१ मध्ये या मठाने आपल्या मुख्य वेदीचे चित्र लिओनार्दोकडे सोपवले. तेव्हा तो अजून तिशीच्या आत होता. वेर्रोक्कियो या नामवंत गुरूच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले होते. त्याचे वडील सेर पिएरो हे नोटरी होते आणि याच मठाची कागदपत्रे ते पाहत असत. मुलाला हे काम मिळण्यात वडिलांचा हात असावा असे अभ्यासक मानतात.

कराराच्या अटी वाचल्या तर आश्चर्य वाटते. चित्र चोवीस महिन्यांत, फार तर तीस महिन्यांत पूर्ण व्हायला हवे होते. न झाल्यास जेवढे झाले असेल तेवढे मठाचे होईल आणि त्याचे काय करायचे ते मठ ठरवील. मोबदला रोख नव्हता. मठाला दानात मिळालेल्या एका शेतजमिनीचा तिसरा हिस्सा चित्रकाराला मिळणार होता आणि तीनशे फ्लोरिन देऊन तो परत घेण्याची मुभा मठाला होती. रंगांचा आणि सोन्याच्या वर्खाचा खर्च चित्रकाराने स्वतः करायचा होता. एवढेच नव्हे, तर एका मुलीच्या हुंड्याचे दीडशे फ्लोरिनही त्यानेच भरायचे होते! लिओनार्दोजवळ पैसे नव्हते. काही महिन्यांतच मठाला त्याच्यासाठी उचल द्यावी लागली. मठाच्या हिशेबात त्याला दिलेल्या धान्याची नोंद आहे. मठाचे घड्याळ रंगवल्याबद्दल त्याला जळाऊ लाकडे दिल्याचीही नोंद आहे. सप्टेंबर १४८१ च्या शेवटी त्याला तांबड्या द्राक्षारसाचे एक पिंप दिले गेले. त्यानंतर नोंदी थांबतात.

पुढच्या वर्षाच्या सुमारास लिओनार्दो मिलानला गेला. तिथल्या लुदोविको स्फोर्झा या सत्ताधीशाला उद्देशून त्याने तयार केलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्यात पूल, तोफा आणि युद्धाची यंत्रे यांविषयीच्या कौशल्याची मोठी यादी आहे. आपण चित्रही काढू शकतो, हे त्याने अगदी शेवटी लिहिले आहे.

चित्रात काय आहे?

हे चित्र पॉपलरच्या लाकडी फळ्या जोडून केलेल्या पृष्ठभागावर आहे. त्याची उंची आणि रुंदी प्रत्येकी सुमारे अडीच मीटर, म्हणजे जवळजवळ चौकोनी. त्यात निळा झगा नाही, लाल शेला नाही, सोन्याची प्रभावळ नाही. सारे तपकिरी, काळपट आणि फिकट पिवळसर छटांत आहे.

त्या काळी फ्लॉरेन्समध्ये मागी राजांचा विषय अतिशय लाडका होता. त्यांच्या नावाचा एक भाविक संघच शहरात होता आणि प्रभूप्रकटीकरणाच्या सणाला तो थाटाची मिरवणूक काढत असे. चित्रकारही हा विषय मिरवणुकीसारखाच रंगवत. जेन्तिले दा फाब्रियानोच्या १४२३ च्या चित्रात राजांच्या अंगावर जरीचे कपडे आणि सोनेच सोने आहे. बोत्तिचेल्लीने आपल्या चित्रात त्या वेळच्या श्रीमंत मेदिची घराण्यातील माणसांचे चेहरे राजांना दिले.

लिओनार्दोने मिरवणूक काढलीच नाही. मध्यभागी पवित्र मरिया शांत बसली आहे आणि तिच्या मांडीवरचे बाळ पुढे झुकून एका वृद्ध राजाच्या हातातील भेटीकडे हात नेते आहे. दुसरा जमिनीशी वाकला आहे. त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात माणसांची दाटी आहे. कोणी डोळ्यांवर हात धरून पाहतो आहे, कोणी पुढे झेपावतो आहे, कोणी घाबरल्यासारखा मागे सरतो आहे. एका कडेला एक पोक्त पुरुष विचारात बुडून उभा आहे. दुसऱ्या कडेला एक तरुण चित्राबाहेर पाहतो आहे. मागे डाव्या अंगाला पडक्या इमारतीचे जिने आहेत, तर उजव्या अंगाला घोडेस्वार एकमेकांवर तुटून पडले आहेत.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचून पाहा. पूर्वेकडून किती ज्ञानी पुरुष आले ते तिथे सांगितलेले नाही. भेटी तीन होत्या म्हणून आपण राजे तीन मानतो. शुभवर्तमानकार एवढेच सांगतो, की त्यांनी बाळाला पाहिले, खाली वाकून नमन केले आणि आपल्या थैल्या उघडल्या. लिओनार्दोने नेमका हाच क्षण पकडला आहे. देव लेकराच्या रूपाने समोर बसला आहे हे कळल्यावर माणसाचे काय होते? कोणी गुडघे टेकतो, कोणी गोंधळतो, कोणी विचार करत राहतो आणि मागे काही जण काहीच घडले नसल्याप्रमाणे लढत राहतात.

हात कसा चालत होता?

चित्र पूर्ण झाले असते तर वरच्या रंगाखाली हे काम कायमचे झाकले गेले असते. ते अपुरे राहिले म्हणूनच चित्रकाराचा हात कसा चालत होता हे आज दिसते.

त्या काळच्या रीतीप्रमाणे फळ्यांवर आधी सरस मिसळलेल्या पांढऱ्या भुकटीचा गुळगुळीत लेप देत. नंतर पुष्कळ चित्रकार आपले चित्र वेगळ्या कागदावर पूर्ण आखून घेत, रेषांवर सुईने छिद्रे पाडत आणि त्यांतून कोळशाची पूड टाकून ते जसेच्या तसे फळीवर उतरवत. पुढचे बरेचसे काम शिष्यही करू शकत. काम वेळेवर होई आणि गिऱ्हाईक समाधानी राही.

लिओनार्दोनेही कागदावर तयारी केली होती. या चित्राच्या पार्श्वभूमीचे एक रेखाटन उफ्फिझीतच जपलेले आहे. त्यात जिने, कमानी आणि फरशी मोजून-मापून आखलेल्या रेषांच्या जाळ्यात बसवली आहे आणि एक उंटही निवांत बसला आहे. मात्र माणसे काढताना त्याने ही शिस्त बाजूला ठेवली. फळीवरच मुक्त हाताने आकृत्या काढायच्या, पटल्या नाहीत तर त्यावरच दुसऱ्या काढायच्या, डोके थोडे सरकवायचे, हाताची दिशा बदलायची, असे चालले होते. मग पातळ केलेल्या रंगाने त्याने सावल्या भरल्या आणि सफेद्याने उजेड आणला. इतर चित्रकार उजळ रंगांपासून सुरुवात करत, तर हा अंधारापासून सुरुवात करून एकेक चेहरा हळूहळू उजेडात आणत होता.

त्याच्या टिपणवह्यांची सात हजारांहून अधिक पाने आज उपलब्ध आहेत. डाव्या हाताने, उजवीकडून डावीकडे, आरशात धरल्यावर सरळ दिसेल अशा अक्षरांत ती लिहिली आहेत. तरुण चित्रकारांना तो त्यांत सल्ला देतो, की छोटी वही जवळ बाळगा, रस्त्याने जाताना बोलणारी, भांडणारी, हसणारी माणसे पाहा आणि त्यांचे हावभाव चटकन टिपून ठेवा. पहिल्या रेखाटनात हातपाय फार रेखीव करू नका, कारण कवी जसा ओळ खोडून पुन्हा लिहितो तसे तुम्हालाही बदल करता आले पाहिजेत. काम मधूनमधून सोडून जरा दूर जा आणि आरशात धरून पाहा, म्हणजे चुका दिसतील. हे वाचल्यावर त्या फळीवरची सरकवलेली डोकी आणि बदललेले हात लगेच समजतात. शहराच्या रस्त्यांवर टिपलेली माणसे त्याने बाळ येशूभोवती जमवली होती.

२०११ ते २०१७ या काळात फ्लॉरेन्समधील ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे या संस्थेने चित्राची स्वच्छता आणि दुरुस्ती केली. शतकानुशतके चढलेले काळवंडलेले रोगणाचे थर पातळ केल्यावर आकाश उजळले आणि मागची दृश्ये स्पष्ट झाली. त्या पडक्या इमारतीवर माणसे बांधकाम करताना दिसू लागली. म्हणजे लिओनार्दोने केवळ जुन्या जगाचे भग्नावशेष काढले नव्हते. एका बाजूला लढाई, दुसऱ्या बाजूला पुन्हा उभारणी आणि या दोहोंच्या पुढे, मध्यभागी, शांतीचा राजा. पाचशेहून अधिक वर्षांनी हा अर्थ नीट वाचता आला.

ही सवय एकदाच नव्हती

मठवासीयांच्या वाट्याला आलेला अनुभव पुढे इतरांनाही आला. एप्रिल १४८३ मध्ये मिलानच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या भ्रातृसंघाने त्याच्याकडे आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांकडे वेदीचे काम दिले. त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरच्या सणाला ते पूर्ण हवे होते. पैशांवरून वाद झाले, खटले झाले आणि प्रकरण १५०८ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, रेंगाळले. व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात त्याचे संत जेरोमचे चित्र आहे. अरण्यात दगडाने छाती बडवून पश्चात्ताप करणारा हा संतही अपुराच आहे.

शेवटचे भोजन रंगवताना तो कसा वागे, हे मात्तेओ बांदेल्लो या लेखकाने लिहून ठेवले आहे. त्याचे काका त्या मठाचे प्रमुख होते, त्यामुळे लहानपणी त्याने हे प्रत्यक्ष पाहिले होते. कधी लिओनार्दो पहाटे परांचीवर चढे आणि तहानभूक विसरून अंधार पडेपर्यंत रंगवत राही. मग काही दिवस कुंचल्याला हातही न लावता, हाताची घडी घालून भिंतीसमोर तास न तास नुसता पाहत उभा राही. कधी भर दुपारच्या उन्हात दुसरे काम सोडून तिथे येई, एखाद-दोन फटकारे मारी आणि निघून जाई.

या सवयीचा भिंतीवरही परिणाम झाला. ओल्या गिलाव्यावर चित्र काढताना गिलावा वाळण्यापूर्वी हात उरकावा लागतो, थांबून विचार करायला सवड नसते. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवले. त्याला सवड मिळाली, पण रंग भिंतीत मुरला नाही. त्याच्या हयातीतच चित्र बिघडू लागले. आपण पाहतो त्या मूळ चित्राची शेवटची मोठी दुरुस्ती १९७८ पासून १९९९ पर्यंत चालली.

मठवासीयांची बाजू

बंधुभगिनींनो, थोर कलावंताचे सगळेच माफ असते असे आपण सहज म्हणून जातो. पण त्या मठवासीयांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. त्यांनी उचल दिली, धान्य दिले, द्राक्षारस दिला. त्यांना संग्रहालयासाठी चित्र नको होते. मिस्साबलिदानाच्या वेळी ज्याच्याकडे पाहून प्रार्थना करता येईल असे चित्र त्यांना वेदीसाठी हवे होते. चरित्रकार वासारी सांगतो, की अपुरे चित्र फ्लॉरेन्समध्ये आमेरिगो बेन्चीच्या घरी पडून होते. मठाने अखेर फिलिप्पिनो लिप्पी या चित्रकाराकडे धाव घेतली आणि १४९६ मध्ये त्याने त्याच विषयाचे चित्र पूर्ण करून दिले. तेव्हा पहिल्या कराराला पंधरा वर्षे झाली होती. १५२९ मध्ये फ्लॉरेन्सला वेढा पडण्याच्या सुमारास तटाबाहेरचा हा मठ पाडून टाकण्यात आला. म्हणजे आपल्या जुन्या मठात त्या मठवासीयांना नव्या चित्रापुढे जेमतेम तेहतीस वर्षे प्रार्थना करता आली. त्याआधीची पंधरा वर्षे एका माणसाच्या न पाळलेल्या शब्दाने खाल्ली.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचे उदाहरण देतो. पाया घालण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करावा, नाहीतर अर्धवट बांधकाम पाहून लोक हसतात. लिओनार्दोने करारावर सही करताना हा हिशेब केला नव्हता. फिलिप्पिनोचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, पण वेळेवर पोहोचलेली त्याची सेवा देवाच्या दृष्टीने लहान नव्हती. आपल्या धर्मग्रामातही असे फिलिप्पिनो असतात. दुसऱ्याने मोठ्या उत्साहाने सुरू केलेली आणि सोडून दिलेली कामे ते गाजावाजा न करता तडीस नेतात.

स्वतः लिओनार्दोलाही हे जाणवले असावे. १५१९ मध्ये फ्रान्समधील आंब्वाज येथे त्याचा अंत झाला. २३ एप्रिलला त्याने मृत्युपत्र केले, त्यात आपला आत्मा देवाच्या हाती सोपवला, आपल्यासाठी मिस्सा व्हाव्यात असे सांगितले आणि साठ गरिबांनी मेणबत्त्या घेऊन अंत्ययात्रेत चालावे व त्यांना दान द्यावे अशी इच्छा लिहिली. २ मे रोजी तो गेला. वासारीने एकतीस वर्षांनंतर प्रसिद्ध केलेल्या चरित्रात म्हटले आहे, की लिओनार्दोने पापांगीकार करून पवित्र साक्रामेंत घेतले आणि आपल्या कलेत जसे राबायला हवे होते तसे आपण राबलो नाही, हा देवाचा अपराध झाला, असे तो म्हणाला. त्या प्रसंगाचे वासारीने केलेले वर्णन सगळेच खरे नाही. फ्रान्सचा राजा तिथे हजर होता हे त्याचे म्हणणे इतिहासकार मानत नाहीत. पण हे शब्द नंतरच्या लोकांना त्याच्या तोंडी शोभून दिसले, ही गोष्टही बोलकी आहे.

मग हे चित्र आपल्याला काय सांगते?

दोन गोष्टी सांगते आणि त्या दोन्ही एकत्र धरायला हव्यात.

पहिली, सगळी अपुरी कामे सारखी नसतात. आळसाने सोडलेले काम वेगळे आणि मनातले चांगले रूप हाताला सापडेना म्हणून थांबलेले काम वेगळे. वासारी म्हणतो, लिओनार्दोच्या कल्पनेतले पूर्णत्व इतके सूक्ष्म होते, की ते कोणत्याच हाताने साधले नसते. त्या फळीवरच्या दुरुस्त्या पाहिल्या की हा माणूस कामचुकार नव्हता हे पटते. एका चेहऱ्यावरचा विस्मय खरा वाटेपर्यंत तो थांबायला तयार नव्हता.

दुसरी, परिपूर्णतेची ओढसुद्धा दुसऱ्याला दिलेल्या शब्दापेक्षा मोठी नसते. सर्वांत उत्तम झाल्याशिवाय देणारच नाही असे म्हणताना आपण कधी कधी काहीच देत नाही. सर्व बायबल नीट समजल्यावर मुलांना शिकवीन, घर पूर्ण झाल्यावर आजारी काकूंना भेटायला जाईन, मन अगदी शुद्ध झाल्यावर पापांगीकाराला जाईन असे म्हणत वर्षे जातात. मागी राजांनी असा विचार केला असता तर ते घरूनच निघाले नसते. वाट पूर्ण ठाऊक नसताना ते निघाले, यरुशलेमेत त्यांना विचारपूस करावी लागली, पण थैलीत जे होते ते त्यांनी बाळापुढे ठेवले.

संत पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात विश्वास देतो, की ज्या देवाने आपल्यामध्ये चांगले काम सुरू केले तो ते सिद्धीस नेईल. हे वचन आपल्याला आळशी करत नाही, धीर देते. आपण सगळेच अजून त्या फळीसारखे आहोत. कुठे रेषा पक्की झाली आहे, कुठे डोके सरकवायचे आहे, कुठे अजून नुसती सावलीच आहे. फरक इतकाच, की आपला चित्रकार काम टाकून दुसऱ्या गावी जात नाही.

चिंतनासाठी

१. मी कोणाला दिलेला शब्द अपुरा राहिला आहे? या आठवड्यात त्यातले किती पूर्ण करता येईल?

२. दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम पूर्ण करणाऱ्या कोणाचे आभार मानायचे राहून गेले आहेत?

३. घरी सर्वांनी मिळून मत्तय २:१-१२ वाचा. त्या चित्रातील माणसांपैकी मी आज कोण आहे? गुडघे टेकणारा, विचारात उभा असलेला, की मागे लढत राहिलेला?